पाव लिटर सोनेरी

बंदरात माझं काम होड्यांचं.
नाळेवर नाव घालायचं, दोन्ही अंगांनी,
खारा वारा चाटून नेणार नाही असं.
रुक्साना, सुलोचना, वेलांकणी माता, भाग्यश्री.
देवगडात निम्म्या होड्या बायांच्या नावाच्या.
कुणाची आई, कुणाची बायको,
एकदा तर तीन वर्षांची पोर
बापाच्या कडेवरून स्वतःचं नाव बघायला आलेली.
बाई होडीवर चढत नाही.
ती वाळूत बसून टोपल्या मोजते.
याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं.

मे महिन्यात टेकडीवरून बोलावणं आलं,
विद्यापीठाच्या उपकेंद्रातून.
सागवानी फलक, नवा कोरा,
आजवरचे संचालक ओळीने लिहायचे.
मी मनात नावं मोजली आणि म्हटलं,
पाव लिटर सोनेरी लागेल.
हेडक्लार्क झांट्ये म्हणाले, इतका?

यादी हातात आली. आठ नावं.
म्हटलं, यात खोबरेकर बाई नाहीत.
झांट्ये चष्मा पुसत बसले.
त्या प्रभारी होत्या.
प्रभारी फलकावर घालत नाहीत.

चार वर्षं अकरा महिने प्रभारी.
गुडघाभर पाण्यात उभं राहून
कालवं मोजणाऱ्या शरयू खोबरेकर.
कुठलं कालव खडकाला कधी चिकटलं
ते शिंपेच्या रेघांवरून सांगायच्या.
जेटीजवळची प्रयोगशाळा त्यांच्या वेळची.
माझं मागचं बिलही त्यांच्याच सहीने निघालं,
अकरा दिवसांत. एरवी दिवाळी उजाडते.

मुलाखत तीनदा झाली म्हणे.
तुळाजी शिपाई चहा घेऊन आत असायचा, त्याने सांगितलं.
पहिल्यांदा विचारलं, मुंबईच्या फेऱ्या झेपतील का?
दुसऱ्यांदा, सासूबाई अंथरुणाला आहेत ना?
तिसऱ्या खेपेला सासूबाई राहिल्या नव्हत्या,
तेव्हा बांगड्याचा भाव विचारला
आणि सगळे हसले, अगदी प्रेमाने.
"त्या पण हसल्यो रे," तुळाजी म्हणाला,
"माकाच वायट वाटला."

नेमले ते साहेब बरे आहेत, वाईट म्हणवत नाही.
पहिल्या दिवशी पुळणीवर बूट घालून उतरले.
त्यांच्या स्वागताला गुच्छ कुठला आणायचा
हे ठरवायला बाईंनाच विचारलं होतं.

झांट्ये म्हणाले, तारखा जोडून घे.
सातव्याची मुदत आठव्याला लागू दे,
दिसायला बरं दिसतं.
मी खडूने रेघ आखत होतो
तेवढ्यात बाई आल्या,
चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत चिखल,
ओहोटीचं काम आटपून.
फलक वाचला, वरपासून खालपर्यंत.
मी पुटपुटलो, बाई, मधे एक ओळ रिकामी सोडतो.
"नको. पेंटर प्यालेला होता म्हणतील.
तारखा तेवढ्या खऱ्या घाल."

घातल्या.
सातवे, ३० जून २०१४ पर्यंत.
आठवे, १ जून २०१९ पासून.
झांट्ये बोट लावून बघत राहिले,
रंग ओला होता, बोट सोनेरी झालं.
म्हणाले, हे कुणी विचारलं तर?
मी म्हटलं, विचारू देत की.
अजून तरी कुणी विचारलेलं नाही.
मुलं फलकाखाली उभी राहून
मोबाइलला रेंज शोधतात.

रंगाच्या बाबतीत झांट्येंचं बरोबर निघालं.
डब्याच्या तळाशी उरलाय,
एका नावापुरता.
होडीला सोनेरी कुणी घालत नाही,
खाऱ्या पाण्यात काळा पडतो.
झाकण ठोकून फळीवर ठेवलाय.
ठेवला तर साय धरतो,
म्हणून अधूनमधून
काडीने ढवळतो.